मकर राशीपुरतं

३ जानेवारी

नवी डायरी, नवं पेन आणि जुनाच मी. यंदा कादंबरी लिहायचीच. पहिलं वाक्य डोक्यात तयार आहे. बरीच वर्षं तयार आहे आणि अजून शिळं झालेलं नाही, यावरून ते किती कसदार आहे हे कुणाच्याही लक्षात यावं. पुढची वाक्यं त्याच्या मागोमाग येतील. प्रश्न फक्त वेळेचा आणि स्वास्थ्याचा आहे.

वेळ खातं ते ऑफिस. वर्तमानपत्रात मी नववं पान सांभाळतो: हवामान, शब्दकोडं, हरवले-सापडले आणि राशिभविष्य. हवामान शेजारच्या टेबलावरचा सहकारी लिहितो, कोडं बाहेरून येतं, भविष्य मी लिहितो. वर फोटो मात्र एका दाढीवाल्या ज्योतिषाचा असतो. ते गृहस्थ वारले त्याला जमाना झाला. तेव्हा संपादक म्हणाले होते, "वाचकांना कशाला दुखवायचं? फोटोत ते अजून ठणठणीत आहेत." आणि ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं. कुणाला सांगायचं नाही, घरीसुद्धा नाही, असा शब्द घेतला. मी तो पाळलाय. माझ्या अंगी शिस्त नाही म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

ही, म्हणजे माझी बायको, रोज सकाळी चहाबरोबर नववं पान उघडते आणि स्वतःची रास मोठ्याने वाचते. मकर. समोर बसून आपलीच वाक्यं दुसऱ्याच्या नावावर ऐकायची, हा माझा रोजचा नाश्ता. बाई हुशार आहे, पण या बाबतीत अगदीच भाबडी.

७ जानेवारी

पहाटे पाचला उठायचं ठरवलं होतं. सहाला उठलो. टेबलाशी बसलो, पेनाचं टोपण काढलं आणि बाहेरच्या खोलीत कात्री सुरू झाली.

ही नाटकांचा कपडेपट शिवते. राजे, भिकारी, भुतं, न्यायाधीश, सगळे हिच्या हातून नेसून-सवरून बाहेर पडतात. बाहेरच्या खोलीत कापायचं मोठं टेबल, खिडकीपाशी बिनडोक्याचा पुतळा आणि जमिनीवर खडूच्या रेघा मारलेले कागद. रोज सहाच्या ठोक्याला ही कात्री हातात घेते. जाड कापडातून ती कात्री जाते ना, खर्रर्र, तेव्हा कागदावरचं वाक्यच कुणी कापत असल्यासारखं वाटतं. हिला सांगायला गेलो तर तोंडात टाचण्या. मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते त्या टाचण्यांनाच ठाऊक.

शेवटी नेहमीचा उपाय केला. माझी लिहायची पद्धत अशी की गेल्या वर्षीची वृषभ उचलायची आणि यंदा धनूला द्यायची, धनूची कर्केला. बारा खोल्यांतले भाडेकरू फिरवत राहायचे, कुणाला पत्ता लागत नाही. मकर तेवढी मी रोज ताजी लिहितो, कारण तिचं गिऱ्हाईक घरात बसलंय. तिच्या भावाकडची जेवणं, नवे पडदे, मांजर पाळायचा बेत, हे सगळं मी मकरेतच गाडलंय. आज लिहिलं, "पहाटे घरात शांतता राखल्यास सौख्य लाभेल. आपल्या कामाची जागा बदलून पाहावी. मागची बाजू शुभ."

९ जानेवारी

हिचं कापायचं टेबल मागच्या खोलीत गेलं. तिथे ऊन येत नाही आणि दिवसाही दिवा लागतो, पण ही एका शब्दाने कुरकुरली नाही. फक्त, "जरा एक बाजू धरा," म्हणाली. धरली. पुतळा तिने एकटीने कडेवर घेऊन नेला.

आता घरात इतकी शांतता आहे की काही सुचत नाही.

१५ जानेवारी

पुढच्या महिन्यात म्हणे सहा ग्रह संध्याकाळी एका रांगेत दिसणार आहेत. संपादकांना उत्साहाचं भरतं आलंय. रंगीत पुरवणी काढायची आहे. विषय त्यांनीच ठरवला: "ग्रहांची रांग: प्रेरणा आणि शिस्त यांचा तोल." शुक्र आणि गुरू प्रेरणा देणार, शनी शिस्त लावणार, आणि या दोघांचं भांडण बाराही राशींनी आपापल्या घरी कसं मिटवायचं ते मी सांगायचं. मी! ज्याला ऑफिस प्रेरणा भेटू देत नाही आणि शिस्त शेजारून जाते.

हवामानवाला खिदळत होता. म्हणाला, "तुझं बरं आहे बाबा. माझा पाऊस पडला नाही की लोक फोन करून शिव्या घालतात. तुझा धनलाभ झाला नाही तर लोक स्वतःलाच दोष देतात." माणूस दिवसभर ढगांचे फोटो बघतो, त्यामुळे थोडा हलका झालाय.

१७ जानेवारी

पुरवणीसाठी डोकं चालेना. जेवताना हिला सहज विचारलं, "तू रोज सहाला बसतेस. रोज सुचतं तुला?"

हिने घास हातातच ठेवला. मी काहीतरी भलतंच विचारल्यासारखी बघत राहिली. मग म्हणाली, "रोज कुठलं? कधी सुचतं, कधी नाही. सुचलं तर कापायला घेते. नाही सुचलं त्या दिवशी काजं-बटणं करते. काजं करता करता दुसऱ्या दिवशीचं सुचतं कधीकधी." आणि मग बोलतच सुटली. एका नाटकातल्या राणीचा झगा कसा जमत नव्हता, आणि अस्तर उलटं लावल्यावर तो कसा चालायला लागला, हे तिने हातवारे करून सांगितलं. झगा कसा चालेल? मला काजं पुरेशी होती. उठून लगेच टिपून ठेवलं. शिवणकामातलं आहे, पण ज्योतिषाच्या तोंडी शोभेल.

१९ जानेवारी

आज जेवताना हिने बातमी सांगितली. भात वाढता वाढता सांगितली, जणू मीठ संपल्याचं सांगतेय. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या नाटक कंपनीने हिला बोलावलंय. त्यांचा सगळा कपडेपट हिने सांभाळायचा. हाताखाली माणसं, राहायला जागा, दोन वर्षांचा करार. कुणीतरी तो राणीचा झगा पाहिला म्हणे. महिनाअखेर कळवायचं आहे.

"तुम्हाला काय वाटतं?" हिने विचारलं.

"तुझं तू ठरव," मी म्हणालो. "मी कोण सांगणार?"

माझ्या मते यापेक्षा उदार उत्तर कुठल्याही नवऱ्याने दिलं नसतं. हिचा चेहरा मात्र उतरला. बायकांना स्वातंत्र्य दिलं तरी पंचाईत.

पण इथे खरं लिहायला हरकत नाही. माझं पित्त खवळलंय. ऐन कादंबरीच्या तोंडावर ही घर सोडून जाणार! चहा कोण करणार, किल्ल्या कुठे असतात, गॅसवाल्याला काय सांगायचं असतं, यातलं मला काही ठाऊक नाही. आणि संध्याकाळी घरात शिरल्यावर मागच्या खोलीत मशीन चालू नसेल तर घर कसलं ते? अर्थात मशीनचा मला त्रासच होतो, ती गोष्ट वेगळी.

२० जानेवारी

मकर: "स्थानबदलाचे मोह टाळावेत. दुरून सोनं वाटेल ते जवळ गेल्यावर पितळ ठरेल. जवळच्या एका व्यक्तीला आपली फार गरज आहे. ती बोलून दाखवणार नाही, तिचा तसा स्वभाव नाही, पण आपल्यावाचून तिचं पान हलत नाही. थांबावं."

चार ओळींची जागा असते, मी कोड्यातली एक ओळ मारली.

२१ जानेवारी

हिने वाचलं. मोठ्याने सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्यानंतर आवाज कमी झाला. मग मनात पुन्हा वाचलं. ओठ हलत होते. मी अंड्यावर मीठ घालत राहिलो.

"बरं लिहिलंय आज," ही म्हणाली.

"कुणी?" मी विचारलं.

"ज्योतिषाने," म्हणाली आणि हसली. किती दिवसांनी हसली ते सांगता येणार नाही. भविष्यावर एवढा विश्वास ठेवणारी माणसं असतात म्हणून आमचा धंदा चालतो.

२४ जानेवारी

लेकीचा फोन. ती लग्न करून लांब राहते आणि फोनवरून आम्हाला वळण लावत असते. "बाबा, आईला जाऊ द्या."

"मी अडवलंय का? विचार तिला. तुझं तू ठरव म्हणालो."

"तेच तर," ती म्हणाली. "तुम्ही नेहमी तेच म्हणता." आणि फोन ठेवला. आईवर गेलीय. अर्धं बोलायचं आणि उरलेलं आपण ओळखायचं.

मी मात्र मकर सोडलेली नाही. रोज लिहितोय. सुचतंय, आणि कसं सुचतंय! पेन टेकवलं की वाक्यं रांगेत उभी. परवा लिहिलं की आपल्या हातात कला आहे, पण हाताला ऊब देणारं घर एकच असतं. काल लिहिलं, "जिना चढताना जपावं, विशेषतः डाव्या गुडघ्याला, दुखणं अंगावर काढू नये, आपलं दुखणं पाहणाऱ्यालाही ते दुखतं." हिचा गुडघा थंडीत धरतो, तरी ही मागच्या खोलीत त्या गार फरशीवर बसते.

संपादकांनी खोलीत बोलावलं. मला वाटलं, मारलेल्या कोड्याबद्दल झापणार. तर म्हणाले, "मकरेबद्दल पत्रं येताहेत हो. एका बाईने लिहिलंय, वाचून रडू आलं. काय भानगड आहे?" मी म्हणालो, काही नाही, युतीचा परिणाम. ज्या चार ओळी चहाच्या डागाखाली जाणार त्यांचं कौतुक होतं, आणि कादंबरीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. अर्थात तिच्यातही अजून अवाक्षर नाही.

३० जानेवारी

सुटलो! हिने माझ्यासमोर फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. "घरी गरज आहे," एवढंच कारण दिलं. पलीकडचा माणूस बराच वेळ समजावत होता. ही खिडकीच्या गजाला धरून ऐकत होती. शेवटी तो म्हणाला असावा की जागा थोडे दिवस मोकळी ठेवतो, कारण ही म्हणाली, "नका ठेवू."

फोन ठेवून ही माझ्यामागे आली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "कुणी थांब म्हणालं की थांबायला बरं वाटतं हो."

बिचारी! एका मेलेल्या ज्योतिषाचा शब्द तिने एवढा मनावर घेतला. क्षणभर मलाच कसंतरी झालं. पण जीव भांड्यात पडला हे खरं. आता कादंबरी.

५ फेब्रुवारी

कादंबरी कसली! हिला काय झालंय कळत नाही. मी टेबलाशी बसलो की ही हातशिलाई घेऊन समोरच्या खुर्चीत येऊन बसते. "मी काही बोलणार नाही, तुम्ही लिहा," म्हणते. मग माणूस काय लिहिणार? काल संध्याकाळी फिरायला जाऊ या म्हणाली. गेलो. पुलापर्यंत गेलो आणि आलो. वाटेत हिने माझ्या दंडाला धरलं होतं. लोक बघत होते, निदान मला तसं वाटलं. आज म्हणते, "कादंबरी वाचून दाखवा ना, जेवढी झालीय तेवढी."

जेवढी झालीय तेवढी!

मी म्हणालो, कच्चं काम दाखवत नसतात. तर म्हणाली, "मी दाखवते की. टाचलेला झगासुद्धा दाखवते." झगा आणि कादंबरी! प्रेरणा ही मानी असते. तिला समोर कुणी शिवत बसलेलं चालत नाही. ती यायला एकांत लागतो, आणि या घरात एकांत सोडून सगळं आहे.

८ फेब्रुवारी

पुरवणी आज द्यायची होती. बाराही राशी एका बैठकीत लिहिल्या. संपादक प्रस्तावना वाचून खूश झाले. "प्रेरणा आली नाही त्या दिवशी काजं-बटणं करावीत! वा! हे कुठून सुचलं?" म्हणाले. सुचतं, मी म्हणालो. शनी-शुक्राचा तोल एका वाक्यात बसवलाय असं त्यांचं मत. मथळ्यातही तेच घेतलं.

मकर शेवटी लिहिली. आज मन कडू होतं. सकाळीच ही चहा घेऊन टेबलाशी आली आणि माझ्या कोऱ्या कागदाकडे पाहून म्हणाली, "होईल हो." ते "होईल" मला दिवसभर टोचत होतं. म्हणून जरा स्पष्ट लिहिलं: "आपल्या सोबतीचा अतिरेक होतो आहे. जवळच्या व्यक्तीला एकांत हवा आहे. आपली माया तिला ओझं वाटते. रांगेतले ग्रह एकमेकांपासून कोट्यवधी मैल दूर असतात, म्हणून तर ते देखणे दिसतात. दूर राहावं. दोघांचंही भलं त्यातच आहे."

ग्रहांचं वाक्य फारच उतरलं. चार-आठ दिवस ही मागच्या खोलीत राहिली तरी माझं पहिलं प्रकरण मार्गी लागेल.

१२ फेब्रुवारी

पुरवणी आली. हिने चहा ओतला, पान उघडलं आणि आधी प्रस्तावना वाचली. मोठ्याने. काजं-बटणांपाशी थांबली, माझ्याकडे पाहिलं, पुढे गेली. मग मकर. एकही शब्द न गाळता, बातम्या वाचतात तशा आवाजात शेवटपर्यंत वाचली.

पेपराची घडी घातली. घडीवर घडी, अगदी रुमालाएवढी. मग म्हणाली, "हे आत्ताचं खरं, की आधीचं?"

"मला काय विचारतेस? ज्योतिषाला विचार."

"त्यालाच विचारतेय," ही म्हणाली.

आणि माझ्याकडे बघत बसली. भाबडेपणालाही काही मर्यादा असते. ज्योतिषी काय आमच्या टेबलाशी चहा पीत बसलाय? मी आंघोळीला निघून गेलो.

संध्याकाळी सगळी इमारत गच्चीवर जमली होती, ग्रह बघायला. हीही गेली. मी जाणार नव्हतो, पण घर इतकं रिकामं वाटायला लागलं की गेलो. ही कठड्याशी एकटी उभी होती. आकाशात ठिपके होते, रांग म्हटलं तर रांग.

"यातला शनी कुठला?" हिने विचारलं.

मला कुठे माहीत! बोट करून एक दाखवला. शेजारच्या मास्तरांनी लगेच सांगितलं की ते विमान आहे. सगळे हसले. ही हसली नाही. "असू दे," म्हणाली, "तुम्हाला वाटलं तो शनी." आणि खाली गेली. मला वाटतं, थंडीने गुडघा धरला असावा.

१६ फेब्रुवारी

भविष्याचा गुण आला. ही मागच्या खोलीतून बाहेर येत नाही. समोर कुणी शिवत नाही, फिरायला कुणी बोलावत नाही. जेवणं वेळेवर होतात आणि गप्प होतात. हवा तसा एकांत मिळालाय.

आज पहिलं वाक्य कागदावर उतरवलं. डोक्यात होतं तेव्हा बरं वाटत होतं.

१९ फेब्रुवारी

आपण किती गाढव असू शकतो!

ऑफिसातून आलो तर बाहेरच्या खोलीत दोन पेट्या उघड्या. एकीत हिचे कपडे, दुसरीत कात्र्या, खडू, फितीची मापं. पुतळा चादरीत गुंडाळून दोरीने बांधलेला. "मी त्यांना फोन केला होता," ही म्हणाली. "जागा अजून आहे म्हणाले. सत्तावीसला निघते."

"असं अचानक?"

"अचानक कुठे? पुरवणीत आलंय ना."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. "तुझं तू ठरव," एवढंच तोंडून गेलं. सवयीने गेलं. हिने मान हलवली. या वेळी तोंडात टाचण्या नव्हत्या.

घाबरायचं कारण नाही. जी गोष्ट दोन वेळा जमली ती तिसऱ्यांदाही जमेल. उद्या मकरेत सगळं दुरुस्त करतो.

२१ फेब्रुवारी

"प्रवासाचे बेत तूर्त रद्द करावेत. मागील भविष्य सर्वसाधारण होतं, आपल्याला उद्देशून नव्हतं." असलं वाक्य कुठल्याही ज्योतिषाने आजवर लिहिलं नसेल. संपादकांनी भुवया उंचावल्या, पण जाऊ दिलं. जिवाचा आटापिटा करून लिहिलं, आणि आज सकाळी हिने नववं पान उघडलंच नाही. पेपर तसाच घडीत. चहा पीत खिडकीबाहेर बघत होती.

राहवेना. "आज भविष्य नाही वाचलंस?"

"नको."

"वाच की. मकर चांगली असेल."

"काय लिहिलंय?" हिने विचारलं. "तुम्हीच सांगा ना, तोंडाने."

"मला काय माहीत?"

हिने कप खाली ठेवला. "अहो," म्हणाली, अगदी शांतपणे, "मकर राशीच्या सगळ्या माणसांचा डावाच गुडघा दुखतो का? सगळ्यांच्या घरी मागची खोली असते? सगळे काजं-बटणं करतात?"

कधीपासून माहीत आहे, मी विचारलं.

"पहिल्यापासून. त्या मेलेल्या माणसाने मला माझ्या भावाकडे जेवायला जाऊ नका म्हणून लिहिलं, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते तर तुम्ही लिहिणं बंद केलं असतं. मग मला काय राहिलं असतं? घरात तुम्ही मला 'अगं'सुद्धा म्हणत नाही. तिथे 'आपण' म्हणता. प्रकृतीला जपा म्हणता. मांजर नको, पडदे नको, तेसुद्धा तिथेच कळायचं, पण निदान कळायचं. मी त्यावर चालवलं." ही उठली, दोन्ही कप उचलले. "थांबा म्हणालात, थांबले. ओझं झालं म्हणालात, निघाले. आता रोज रोज नाही जमणार मला."

मी दिवसभर धुमसतोय. म्हणजे इतकी वर्षं ही माझ्यासमोर बसून मलाच माझं वाचून दाखवत होती, आणि मी हिला भाबडी समजत होतो! संपादकांना दिलेला शब्द मी जिवापाड पाळला आणि घरात सगळा उजेड होता. याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? मूग गिळून बसायलाही काही सीमा असते. तिने एकदा सरळ विचारलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं.

सांगितलं असतं का, हे आता कसं कळणार?

२४ फेब्रुवारी

लेकीला फोन केला. म्हटलं, आईला समजाव. ती म्हणाली, "तुम्ही बोललात का तिच्याशी?" म्हटलं, रोज लिहितोय. मग, "बाबा, ठेवते," म्हणाली.

बोलायचं म्हणजे काय करायचं? दोनदा मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. ही मशीनवर पांघरूण घालत होती. "काय हवंय?" तिने विचारलं. मी कात्री मागितली. कात्र्या पेटीत गेल्या होत्या. तिने पेटी उघडून, वरचे कपडे बाजूला करून, एक काढून दिली. ती घेऊन मी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. मला काही कापायचं नव्हतं.

२७ फेब्रुवारी

संध्याकाळच्या गाडीने ही जाणार होती. तरी मी ऑफिसला गेलो, कारण मला लिहायचं होतं.

सकाळपासून मकर घेऊन बसलो. बाकीच्या अकरा राशींना गेल्या वर्षीचं वाटून टाकलं. मकरेचे कागद फाडत गेलो. "थांबावं" लिहिलं, खोडलं. ते आधी वापरून झालंय. एकांताबद्दलचं सगळं खोटं होतं असं लिहिलं, तर ते भविष्य वाटेना. हवामानवाला दोनदा येऊन गेला. "अरे, पान छपाईला सोडायचंय. बारा कोटी मैलांवरचे ग्रह काय तो निर्णय घेतील, तू चार ओळी दे." शेवटी दिल्या. इथे उतरवत नाही. एवढंच नोंदवतो की आयुष्यात मी यापेक्षा चांगलं काही लिहिलेलं नाही, आणि त्यात एकही ग्रह नव्हता. हवामानवाल्याने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि प्रथमच विनोद केला नाही. म्हणाला, "तू घरी जा. पान मी सोडतो."

धावतच आलो. ही दारात होती, कोट घातलेला. पुतळा आधीच खाली गेला होता. पेट्या गेल्या होत्या. हातात एक पिशवी तेवढी राहिली होती.

"डबे फडताळात आहेत," ही म्हणाली. "गॅसवाल्याचा नंबर दारामागे. उगाच जास्त वेळ बसू नका टेबलाशी, पाठ धरते तुमची."

मी मान हलवली.

"काही बोलायचंय का?"

बोलायचं होतं. सगळं तयार होतं, दिवसभर खोडून खोडून तयार केलेलं, चारच ओळी, पाठ होत्या. तोंड उघडलं आणि पहिला शब्दच येईना. ही वाट बघत होती.

"उद्याचं नववं पान वाच," मी म्हणालो.

हिने कोटाचं वरचं बटण लावलं. मग म्हणाली, "तिकडे आपला पेपर येत नाही."

तरी ती लगेच गेली नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि उभी राहिली. खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. पुन्हा एकदा वाजवला.

"कडी लावून घ्या," म्हणाली आणि डावा पाय जपत जिना उतरली.

मी कडी लावून घेतली.